आरशातली वेणी

नेर, ४ जानेवारी १९५९

कॅमेरा आणला. अमरावतीहून नेरपर्यंत मोटारीत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणत होता टपावर टाका. टपावर टाकायला ती काही सरकीची ढेप नव्हे. "पेटीत काय हाय गुरुजी, मूर्ती हाय का?" असं त्यानं विचारलं. मी गुरुजी नाही, कापसाच्या जिनात वजनकाट्यावरचा कारकून आहे. पण चष्मा आणि कोट असला की आमच्याकडे माणूस आपोआप गुरुजी होतो. कॅमेरा आहे म्हटल्यावर सगळी मोटार माना वळवून बघायला लागली. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

बंद पडलेल्या स्टुडिओतला माल आहे. लाकडी पेटी, पितळी कोपरे, पुढे भिंग, मागे दुधी काच आणि मध्ये काळ्या कातड्याचा भाता. डोक्यावर काळं कापड घेऊन दुधी काचेत बघायचं. समोरचा माणूस तिथं उलटा दिसतो, पाय वर अन् डोकं खाली. तो नीट दिसला की भिंगावर झाकण लावायचं, काचेच्या जागी प्लेट घालायची, मग झाकण काढून मनात आकडे मोजायचे आणि परत लावायचं. एकदा प्लेट आत गेली की मागून काहीही दिसत नाही. हे सगळं तिथल्या म्हाताऱ्याकडून पाठ करूनच आलो.

विमा एजंटानं दिलेली ही डायरी फोटोग्राफीसाठी ठेवली आहे. उजेड कसा होता, झाकण किती उघडं ठेवलं, काय चुकलं, एवढंच लिहायचं. घरगुती गोष्टींना इथं जागा नाही. पुढच्या महिन्यात बायकोचं, कोकिळेचं, डोहाळजेवण आहे. तिचा फुलांच्या वेणीचा फोटो हे माझं पहिलं काम. तो साधला तर मोठा करून ओसरीच्या भिंतीवर लावायचा, बाहेर पाटी लावायची आणि जिनातला काटा हळूहळू सोडायचा. कोकिळेला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आधी फोटो तं काढा."

७ जानेवारी

भात्याला भोकं आहेत. म्हाताऱ्यानं हे सांगितलं नव्हतं. भोकातून उजेड आत गेला की प्लेट नासते, म्हणजे कॅमेरा असून नसल्यासारखा. सकाळी इतका हिरमुसलो की चहासुद्धा अर्धा टाकला.

विमलताईनं भोकं शोधून दिली. ताई माझी थोरली बहीण. धान्याच्या खोलीची खिडकी लावून घेतली, भात्याच्या आत बॅटरी पेटवून ठेवली, आणि जिथं जिथं ठिपका चमकला तिथं ताईनं खडूची खूण केली. मग मोडक्या छत्रीचं कापड कातरून सरसानं चिकटवलं. माझ्या चिकटवलेल्या चकत्या दुपारपर्यंत निघाल्या, तिच्या नाही निघाल्या.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. त्याच साली ताईचा नवरा पटकीनं गेला आणि ती माहेरी परत आली, एकोणीस वर्षांची. मामा म्हणत होते पाट लावून देऊ. आमच्यात पाट लागतो, त्यात वावगं काही नाही. तीच नको म्हणाली. तिला पुन्हा संसाराची आवड नव्हती असं ती सांगते. एकेकाचा स्वभाव. तेव्हापासून घर तीच चालवते.

११ जानेवारी

आज रविवार, सगळा दिवस सराव. आपल्याकडची रीत अशी, की डोहाळकरीण समोर तोंड करून बसते आणि तिच्यामागे तिरका आरसा ठेवतात, म्हणजे चेहराही येतो आणि पाठीवरची फुलांची वेणीही येते. नेरमधल्या शिंप्याकडून त्याचा उभा आरसा मागून आणला. त्याला सांगितलं की आठ दिवसांत परत करतो. तो हसला, कारण माझे आठ दिवस गावाला माहीत आहेत.

आरशाचं गणित मात्र भारी निघालं. चेहरा नीट दिसायला लागला की आरशातली वेणी पुसट होते, आणि वेणी नीट केली की चेहरा जातो. दोन्ही स्पष्ट यायला भिंगाचं भोक अगदी बारीक करावं लागतं. भोक बारीक केलं की उजेड कमी, म्हणून झाकण जास्त वेळ उघडं ठेवायचं, आणि तेवढा वेळ माणसानं हलायचं नाही.

प्लेटा मोजक्याच आहेत, म्हणून सराव रिकाम्या कॅमेऱ्यावर. कोकिळेला फार वेळ बसवत नाही, म्हणून स्टुलावर ताईला बसवलं. ताई पहिल्यापासून आरशाकडे पाठ करूनच बसली. वेणीसाठी पाठ तिकडेच हवी होती, त्यामुळे माझं काम सोपं झालं. तिच्याइतकं स्थिर कोणी बसत नाही. आठ-दहा वेळा बसवून झाल्यावर तिनं विचारलं, "आलो का रे मी?"

"प्लेटच नाही ना आत, ताई."

"मंग मी कायले बसलो सकाळपासून?"

मी म्हणालो, सरावाला. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग म्हणाली, "बरं झालं बाप्पा. मले वाटलं आलोच," आणि भाकरी टाकायला गेली.

१५ जानेवारी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या बायका आल्या होत्या. त्यांनी कोकिळेला विचारलं, काय खावंसं वाटतं, चिंच की कवठ. पोटुशी बाई जे मागेल ते द्यावंच लागतं, नाही दिलं तर मुलाची लाळ गळते म्हणतात. कोकिळा म्हणाली, "मले काही खाऊ नोका घालू. मले ताईसंग फोटो पाह्यजे. दोघींचा. येच माहे डोहाळे."

ताई आत चूल फुंकत होती, तिला ऐकू गेलं असणार, कारण फुंकणीचा आवाज थांबला.

घरगुती गोष्टी लिहायच्या नाहीत असं ठरवलं होतं, पण हे लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी कोकिळेला दिवस राहिले होते. चोरओटी ताईनं भरली, घरात दुसरी बाई कोण होती? ताईनंच तिच्या केसात फूल माळलं. पंधरवडाभरात सगळं गेलं. तेव्हा उमरखेडच्या प्रभावतीकाकू आल्या होत्या, त्या बोलून गेल्या की रांडमुंड बाईनं ओटीला हात लावू नये. त्या दिवसापासून घरात काही शुभकार्य असलं की ती मागच्या खोलीत जाऊन बसते आणि पाहुणे गेल्यावर भांडी घासायला बाहेर येते.

बायका गेल्यावर ताई कोकिळेला म्हणाली, "असं बोलू नोको व. माही सावली पडाची नाही या खेपेले." कोकिळा म्हणाली, "सावली नाही मागत, तुम्हाले मागतो." ताई रडली. मी मध्ये पडलो नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण समजा काही झालं तर? विश्वास नसला तरी भीती असतेच, ती कुठून येते कोण जाणे.

२५ जानेवारी

प्रभावतीकाकू उमरखेडहून आल्या. सोबत डिंकाचे लाडू आणि नियम. कोकिळेनं आपली मागणी त्यांच्यापुढेही मांडली. हट्टीपणा तिच्यात एवढा असेल असं लग्नात वाटलं नव्हतं. तिच्या माहेरी सावत्र आई, तिनं बाळंतपणाला ये म्हटलं नाही, म्हणून ती चिडकी झाली असावी असा माझा अंदाज.

काकू रागावल्या नाहीत. खाटेवर बसून हळू आवाजात म्हणाल्या, "मले का विमलचं वाईट वाटत नाही? पण माहे दोन गेले पोटातले. तवापासून मी नशिबाची खोड काढत नाही. एक डाव बाळ हातात येऊ दे, मंग कर काय कराचं ते." काकूंना मी मनातल्या मनात फार नावं ठेवत आलो, आज ठेवता आली नाहीत.

ठरलं ते असं: वेणी ताईनं गुंफायची, कारण तिच्यासारखा हात गावात नाही. केसात मात्र काकू घालणार.

१ फेब्रुवारी

नवीन संकट. ओसरीत उजेड एकाच बाजूनं येतो. कोकिळेचा अर्धा चेहरा दुधी काचेत काळाठिक्कर. म्हातारा म्हणाला होता की अशा वेळी अंधाऱ्या बाजूला पांढरं कापड ताणून धरायचं, उजेड त्यावर पडून परत चेहऱ्यावर येतो. धोतर दोरीवर टांगून पाहिलं, वाऱ्यानं हलतं. कोणी तरी धरून उभं राहायला हवं, आणि झाकण उघडं असेपर्यंत हलायचं नाही.

काकूंनी धरून पाहिलं. त्यांचे हात दुखतात आणि त्या बोलत राहतात.

"ताई धरतीन," कोकिळा म्हणाली. "स्वयंपाकघराच्या दारात, आतल्या बाजूनं उभ्या राह्यतीन. पाहुण्याइले दिसनार नाही अन् फोटोतही येनार नाही. येनार नाही ना वो?"

मी हिशेब करून सांगितलं की दार कॅमेऱ्याच्या बाजूला पडतं, तिथला माणूस फोटोत येणं शक्य नाही. काकू कबूल झाल्या. ताई तयार होत नव्हती. तेव्हा कोकिळा म्हणाली, "मंग माहं अर्धं तोंड काळं येऊ द्या." ताई उंबऱ्याकडे बघत म्हणाली, "दाराच्या आतच उभी करजो मले." धोतर तिनं निळीत घालून पांढरंशुभ्र करून ठेवलं आहे. कोकिळेचा हट्ट गेला म्हणून मला हायसं वाटलं.

८ फेब्रुवारी

झालं. आता टाक हातात धरवत नाही इतका थकलो आहे, पण ताजं आहे तोवर लिहितो.

सकाळपासून ताई मागच्या खोलीत शेवंती गुंफत होती. वेणी अशी झाली की काकूसुद्धा दोनदा हातात घेऊन बघत राहिल्या. कोकिळेला हिरवं लुगडं, फुलांचे बाजूबंद, फुलांचाच कंबरपट्टा. ती खुर्चीवर बसली, मागे तिरका आरसा ठेवला, आरशाच्या पायाखाली मी विटेचा तुकडा लावला. कापडाखाली शिरून बघितलं. चेहरा स्वच्छ, आरशात वेणी स्वच्छ, बाकी आरशात नुसती भिंत. आयुष्यात एवढं नेटकं काही मी केलं नव्हतं.

पहिली प्लेट: कोकिळेनं डोळे मिटले. दुसरीच्या वेळी कुणाची तरी पोर समोरून धावत गेली. आता एकच उरली. मी हात कोटाला पुसले. परत सगळं बघून घेतलं, झाकण लावलं, प्लेट घातली. मग ताईला पुन्हा हाक मारली. ती दाराच्या आत येऊन उभी राहिली, धोतर दोन्ही हातांनी हनुवटीपर्यंत ताणून. उजेड कोकिळेच्या गालावर आला आणि सगळ्या बायका 'अगं बाई' म्हणाल्या.

तेवढ्यात कोकिळा मागे वळून आरसा हलवायला लागली. म्हणाली, कड पाठीला टोचून राह्यली. मी ओरडलो की हात लावू नको, माझं सगळं मापात आहे. "जराकसाच सरकवला," ती म्हणाली, आणि सरकवताना त्यात वाकून बघितलंसुद्धा. बायकांना आरसा दिसला की राहवत नाही. प्लेट आत होती, मला पुन्हा बघता येत नव्हतं. देवाचं नाव घेऊन झाकण काढलं.

झाकण लावेपर्यंत कोणी श्वास घेतला नाही. कोकिळा शेवटी किंचित हलली असं मला वाटलं. ताई हलली नाही. झाकण लागताच ती मागच्या खोलीत गेली आणि बायकांनी ओटी भरायला घेतली.

१२ फेब्रुवारी

यवतमाळ. लखीरामच्या स्टुडिओत प्लेट धुतली. लाल दिव्याखाली पाण्यात चित्र उमटलं तेव्हा मला आनंदानं काही सुचेना. मग लखीराम म्हणाला, "आरशात ये कोन बाई हाय, भाऊ?"

ताई.

वेणी आरशाच्या एका कडेला आहे, आणि बाकीच्या आरशात दार आणि दारात ताई. पांढऱ्या धोतराच्या वर तिचा चेहरा, सरळ समोर बघणारा. गंमत अशी की कोकिळा हलल्यामुळे जराशी पुसट आली आहे आणि ताईच्या कपाळावरची आठीसुद्धा मोजता येते. भोक बारीक ठेवायचं माझंच शहाणपण माझ्या अंगावर आलं.

मी दुकानातल्या बाकावर बसून राहिलो. माझं पहिलं काम असं फसलं. त्याहून वाईट म्हणजे ताईला कळलं तर? दोन महिने ती झोपणार नाही. काकूंना कळलं तर घर डोक्यावर घेतील. लखीराम म्हणाला, त्यात काय एवढं, निगेटिव्हवर चेहरा चाकूनं खरवडला की छापल्यावर तिथं काळं येतं. दाराचा अंधार वाटेल, कोणाला पत्ता लागणार नाही. मी म्हणालो, खरवडा. प्लेट त्याच्याकडे ठेवून परत आलो. मोटारीत खिडकीशी बसलो होतो, पण रस्ता कुठून गेला ते सांगता येणार नाही.

१३ फेब्रुवारी

काल संध्याकाळी कोकिळेला सगळं सांगितलं. वाटलं होतं हिरमुसेल. तिनं एकच विचारलं, "ताई साफ आल्या?" मी म्हणालो, अगदी साफ, म्हणून तर खरवडायला दिलं.

ती उठली, पिशवी घेतली, आणि सकाळची पहिली मोटार किती वाजता आहे ते विचारायला लागली. सातव्या महिन्यात यवतमाळ! मी समजावलं, ती ऐकेना. "तुमच्या हातानं होत नसन तं मी जातो. ताईच्या तोंडाले चाकू लावला तं या घरात मी जेवनार नाही." माझी बायको माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. काल तिनं चढवला नाही, उलट हळू बोलली, त्यानं मी जास्त घाबरलो.

आज जिनात आजारी म्हणून कळवलं आणि पहिल्या मोटारीनं गेलो. यवतमाळच्या अलीकडे एक बैलगाडी आडवी होती, तिथं मोटार खोळंबली, आणि मी खाली उतरून गाडी ढकलायला लागलो, जसा काही माझाच कापूस होता. सगळ्या वाटेत डोळ्यांपुढे ताईचा चेहरा आणि त्यावर चाकू. काल मीच सांगितलेलं काम, आणि आज ते झालं असेल म्हणून मी ड्रायव्हरला दोनदा घाई केली. वीस-बावीस वर्षांत तिचा एकही फोटो निघालेला नाही, हे मला त्या मोटारीत पहिल्यांदा सुचलं.

लग्नसराईची गर्दी असल्यामुळे लखीरामनं प्लेटला हात लावलेला नव्हता. "काल म्हनता खरवडा, आज म्हनता नोका," तो म्हणाला. मी त्याला दोन्ही वेळचं खरं आहे असं सांगितलं.

छापून आणला. कोकिळेनं फार वेळ बघितला. मी म्हणालो, तू हललीस, नाही तर तूही साफ आली असतीस. "पोटात लाथ मारली ना," ती म्हणाली आणि हसली. एवढा बिघडलेला फोटो बघून हसण्यासारखं काय आहे मला कळलं नाही. आरशाचं मी पुन्हा बोललो नाही, उगाच तिला टोचायला नको. बाळ होईपर्यंत ताईला दाखवायचा नाही असं तिनं बजावलं आणि फोटो लुगड्यांच्या खाली ठेवला.

१२ एप्रिल

मुलगी झाली. पहाटे. सुईण म्हणाली, रडणं ऐकून वाटलं मुलगाच. कोकिळा अशक्त आहे पण ठीक आहे. मी काय लिहू? छान आहे. लाल आहे.

ताई सगळा वेळ दाराबाहेर उभी होती, पाणी तापवून देत होती, आत पाऊल टाकत नव्हती. रडणं ऐकल्यावर ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. मी म्हणालो, ये, बघ. "तू पाह्य. मी पाहीन मंग," ती म्हणाली.

१७ एप्रिल

पाचवी होऊन गेली तरी ताईनं बाळ हातात घेतलं नाही. धुणं, शेक, काढे, सगळं तिच्या हातचं, पण बाळाला सुईण नाही तर काकू उचलतात. आज काकू बाजारात गेल्या होत्या. कोकिळेनं मला लुगड्यांखालचा फोटो बाहेर काढायला सांगितलं आणि ताईला बोलावलं. "ताई, हे पाहा. डोहाळजेवनाचा."

ताईनं फोटो खिडकीशी नेला. आधी कोकिळेकडे बघितलं, म्हणाली, चांगली आली व. मग वेणी बघितली. मग तिचं बोट थांबलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मायचा फोटो कोठून आनला तुनं?"

मी फोटोकडे वाकून बघितलं.

"ये माय होय ना आपली? धोतर वाळू घालून राह्यली. असीच उभी राहे ते दारात." तिनं फोटो आणखी जवळ धरला. "कोनं काढलता?"

आईचा फोटो कधी निघालाच नव्हता. आणि मला तेव्हा उमगलं की ताई आरशात बघत नाही. सरावाच्या वेळी नव्हे, कधीच नाही. कुंकू लावायचं नाही तर आरसा कशाला, असं काहीसं असेल. एकोणिसाव्या वर्षानंतर आपला चेहरा कसा झाला हे तिला माहीत नव्हतं. तिला शेवटचा माहीत होता तो आईचा.

"ताई, ती तूच आहेस," मी म्हणालो.

तिनं परत बघितलं. मग फोटो पालथा केला आणि कोकिळेकडे बघितलं, इतकी घाबरून की मला तिच्याजवळ जावंसं वाटलं. "ओटीच्या फोटोत मी? सारा वेळ मी होतो?"

"होत्या," कोकिळा म्हणाली. "माह्या पाठीशीच होत्या. अन् हे पाहा." तिनं बाळ उचललं आणि ताईच्या पुढ्यात धरलं, अजून तिच्यात ताकद नसताना. "धरा ताई, पडते नाही तं."

ताईनं धरलं. धरावंच लागलं. मी बाहेर जाऊन आरसा पुसला, अजून परत द्यायचा राहिला आहे.

२३ एप्रिल

बारसं झालं.

नाव आत्यानं ठेवायचं असतं, आणि आत्या म्हणजे बापाची बहीण. माझी बहीण एकच, पण काकूंनी सोय म्हणून आपल्या लेकीला बाभुळगावहून बोलावून घेतलं होतं. चुलत का होईना, तीही आत्याच. ताईला कोकिळेनं दोन दिवस विनवलं, "नाव तुम्हीच ठेवा." ताईनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आज सकाळी ती नेहमीप्रमाणे मागच्या खोलीत गेली. कोकिळेचा चेहरा उतरला. माझाही उतरला, आणि या वेळी मला कारण माहीत होतं.

पाळण्यासमोर कॅमेरा लावून ठेवला होता. उजेड उत्तम, प्लेट हाताशी. बायका जमल्या, पाळण्याला फुलं लावली. काकू लेकीला म्हणाल्या, "चाल, नाव घे कानात." मी कापडाखाली शिरलो. दुधी काचेत पाळणा उलटा दिसत होता, आणि काकूंच्या लेकीचे पाय पाळण्याकडे निघालेले.

मग ते पाय थांबले. काचेच्या कडेनं दुसरे दोन पाय आले, अनवाणी, भेगाळलेले, आणि तिथंच खिळले. मी कापडाखालीच होतो, बाहेर यायची छाती होईना. काकूंचा आवाज ऐकू आला, पहिल्यांदा नुसता खाकरा, आणि मग, "सरक व थोडी. आत्या तं घरातलीच हाय." पाट ओढल्याचा आवाज झाला.

ताई पाळण्यावर वाकली. काचेत ती उलटी होती, तरी दिसत होतं की तिनं बाळाचं टोपडं बाजूला केलं आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं. काय म्हणाली ते कोणालाच ऐकू आलं नाही. मग ती सरळ झाली आणि तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नलिनी." बायकांनी कुर्र केलं. मी काचेतल्या उलट्या ताईकडे बघत होतो. मला एवढा आनंद होत होता आणि एवढं वाईट वाटत होतं, की दोन्ही एकदम कसं होतं मला माहीत नाही.

"काढला का रे फोटो?" काकूंनी विचारलं. मी काढला म्हणालो. प्लेट माझ्या हातातच होती, कॅमेऱ्यात घालायची राहून गेली होती.

आता सगळे गेल्यावर कोकिळेला खरं सांगून टाकलं. एवढी तयारी करून जन्मात एकदा येणारा फोटो हुकवला, वर काकूंना खोटं सांगितलं. ती मुलीला थोपटत होती. म्हणाली, "असू द्या, उद्या काढा. ताई काही आता आत जात नाही."